दांडिया बाजार, दुसरा मजला

कारखानीस वकिलांच्या ऑफिसात पंखा
फाइलींकडे तोंड करून फिरतो.
खालच्या सेव-उसळीचा वास जिना चढून येतो
आणि माझ्याआधी खुर्चीत बसतो.

बाई मराठीत विचारतात, गुजरातीत लिहून घेतात.
"लग्न कुठे झालं?"
साताऱ्याला.
"तारीख?"
तारीख सांगितली. तिथीही आठवत होती,
ती कुणी विचारली नाही.
"वेगळे कधीपासून राहता?"

इथे अडले.
घर एकच आहे, वाघोडिया रोडचं.
फ्रिज एकच. त्यात त्याचं दूध वरच्या फळीवर,
माझं खालच्या.
दोन वर्षं झाली.

"एका छताखालीही वेगळं राहता येतं," बाई म्हणाल्या,
"कायद्याला चालतं ते."

इतकं बारीक दिसतं कायद्याला?
आई महिनाभर राहून गेली, तिला दिसलं नाही.
जाताना म्हणाली,
शिरीषरावांचं पोट सुटलंय, तूप कमी घाल.

मग यादी.
फ्लॅटचे उरलेले हप्ते, स्कूटर, माझ्या पाटल्या,
सासूबाईंनी दिलेला पितळी डबा
(तो मी त्याच्या रकान्यात लिहिला,
बाईंनी खोडून माझ्यात लिहिला,
म्हणाल्या, औदार्याची पोच कोर्टात मिळत नाही).

ऋजुता यादीत नाही. ती नवव्या परिच्छेदात.
शाळेचे दिवस माझ्याकडे, रविवार त्याच्याकडे,
मे महिना अर्धा-अर्धा.
"दिवाळी?"
लक्ष्मीपूजन मी. भाऊबीज तो, त्याच्या बहिणी इथेच आहेत.
"आणि पाडवा?"
बाईंचं पेन थांबलं. माझ्याही लक्षात आलं.
ओवाळायचा दिवस.
"रिकामा ठेवू," त्या म्हणाल्या. "पोरगी ठरवेल."

छापून आलेला कागद हातात घेतला.
वर लिहिलं होतं, छूटाछेडा.
सतरा वर्षं भाजी या भाषेत घेतली,
भांडलेही थोडंफार,
हा शब्द मात्र कधी सोडवून पाहिला नव्हता.
आमच्याकडे घट फुटतो.
आवाज होतो, शेजारी दारात येतात,
खापऱ्या वेचताना बोट कापतं.
नाहीतर काडी मोडते, कट्, झालं.
यांच्याकडे नुसती टोकं सुटतात.
शालूचं आणि उपरण्याचं.
ती गाठ मारली होती मामींनी, घट्ट,
दोनदा ओढून.

"छेडा छोडवाना छे, फाडवाना नथी,"
बाई म्हणाल्या. कदाचित सगळ्यांनाच म्हणत असतील.
रोज अकरा ते दोन.

अर्जदार नंबर एक, मी.
लग्नपत्रिकेत त्याचं नाव आधी होतं.
गुजराती अक्षरांना वरची रेघ नसते,
हे माहीत होतं, दुकानांच्या पाट्यांवर रोजच दिसतं.
पण आज माझं नाव पाहिलं तसं,
छताशिवाय.
त्याला ऊन लागत होतं.
वाईट दिसत नव्हतं.

शिरीष चाळीस मिनिटं उशिरा आला,
गळ्यात कंपनीचं ओळखपत्र तसंच.
खुर्ची एकच रिकामी होती, माझ्या शेजारची.
"अजून सहा महिने," बाई त्याला समजावत होत्या,
"मग दिवाळीपुऱ्याच्या कोर्टात दोघांनी यायचं,
साहेब विचारतील, विचार बदलला का."
तो म्हणाला, "पार्किंग असतं का तिथे?"
मला हसू आलं. त्यालाही आलं असावं,
तो खिशात पेन शोधत राहिला.

मी माझं दिलं.
त्याने प्रत्येक पानावर सही केली, सावकाश,
ऋजुताच्या प्रगतिपुस्तकावर करतो तशी.
ज्युनियर पोराने फाइलीला दोरी ओवली.
शिरीष उठला, आणि सवयीने
पेन खिशाला लावलं.

जिन्यात गाठलं त्याला.
"पेन."
"अं? हो. सॉरी."

खाली येऊन एक प्लेट उसळ खाल्ली.
तिखट होती. पुन्हा सेव मागून घेतली.