रन

सहाला पट्टा उतरवते,
भुवयांवरचं पीठ पदरानं झटकते
आणि वरच्या मजल्यावर जाते, कृपलच्या क्लासला.
फी नाही. महिन्याला दहा किलो गहू दळून द्यायचे,
भाखरीचे, जाडे. तिच्या आईला बारीक चालत नाही.

बाकीची पोरं कॅनडाला निघालेली.
मी दांडिया बाजारातून मांडवीपर्यंतसुद्धा
कामाशिवाय जात नाही.
तरी बसते. मागच्या बाकावर, पंख्यापासून लांब.
पीठ उडतं.

आज फळ्यावर एकच शब्द. रन.
मला वाटलं, सोपा आहे. धावणे.
कुत्रं मागे लागल्यावर करतात ते.
कृपल म्हणाली, थांबा शालनमासी.
नळ रन होतो. नाक रन होतं.
बस वाघोडियाला रन होते, रविवारी होत नाही.
बांधणीचा रंग पहिल्याच धुण्यात रन होतो.
निवडणुकीला माणूस रन होतो, जीपमध्ये बसून.
दूध संपलं, तर आपणच दुधाच्या बाहेर धावलेलो.
मशीन रन होतं. दुकान रन होतं.

इथं मी हात वर केला.
म्हटलं, आमच्यात दुकान धावत नाही गं.
चालतं.
घड्याळ चालतं, संसार चालतो,
काहींची जीभ चालते, हात चालत नाही.
इंग्रजांना एवढी घाई कसली?
पोरं हसली. कृपल म्हणाली, अमारामां पण चाले.
खरंच, या गावात काय चालत नाही?
सुट्टे नाहीत, चालशे. उद्या देते, चालशे.

मग तिनं खडूनं मधोमध रेघ मारली.
एकीकडे नुसतं धावणं.
दुसरीकडे काहीतरी धावतं ठेवणं:
कारखाना, शाळा, घर.
अकर्मक. सकर्मक.
म्हणाली, दोन्हीचं एकेक वाक्य लिहा. स्वतःचं.

पेन माझ्या हातात उधारी मांडण्यापुरतं.
लिहिलं: ही रॅन.
खाली लिहिलं: आय रॅन द गिरणी.

आणि बघत राहिले.
नाव धैर्यशील. भिशीचे अकरा हजार घेऊन
पहाटेच्या गाडीनं गेला,
पायांत शेजाऱ्यांच्या चपला.
लोक अजून म्हणतात, पळाला.
माझ्याबद्दल म्हणतात, चालवलं हो तिनं.
तीस वर्षं हे दोन शब्द
एकमेकांचं तोंड बघत नव्हते.
इथं माझ्याच वहीत
एकाच्या डोक्यावर एक बसलेत, जुळ्यांसारखे.

फरक एवढाच,
त्याच्या धावण्याला कर्म नाही.
माझं कर्म खाली आहे:
दोन दगड, एक मोटर,
झाकणांवर नावं लिहिलेले लोकांचे डबे.

कृपलनं वही पाहिली.
गिरणीखाली लाल रेघ. फ्लोअर मिल लिहा, मासी.
पहिल्या वाक्यापाशी पेन थांबलं.
आगळ काईं? रन अवे?
म्हटलं, लांब गेला की जवळच आहे, मला ठाऊक नाही.
कोणी भरूचला पाहिलाय म्हणतं.
तेवढंच राहू दे.

खाली शटर वाजलं.
तांब्यांची सून, भाजणीचा डबा कडेवर,
पावणेसात वाजता.
चालू आहे का?

खिडकीतून ओरडले,
पट्टा उतरवलाय. थांब,
चढवते.