कमानींच्या पाठीवर

खालून पाहणारे म्हणतात, आकाश.
निळ्यावर सोनेरी तारे, आणि खांबांतून
कारंज्यासारख्या उसळलेल्या बरगड्या.
मी असतो त्या आकाशाच्या पाठीवर.
इथून दिसतात
जेवणावळ उठल्यावर पालथ्या घातलेल्या कढया,
ओळीने, चुन्याने खरखरीत.

दर महिन्याचा पहिला सोमवार.
दोनशे एकोणऐंशी पायऱ्या, कुरकुरणारा गुडघा,
भेगेवर चिकटवलेली काचेची पट्टी बघायची,
वहीत आकडा लिहायचा.
माझ्याआधी हे काम योखिम करायचा.
त्याचं अक्षर फार सुरेख. भेग तीच.

या किनाऱ्यावर दगड नाही.
हेरिंग विकून गबर झालेल्यांकडे होती नुसती माती,
पण बिशपच्या कळसापेक्षा आपला हातभर उंच हवा
एवढं नक्की होतं.
मग भाजल्या विटा. किती, ते कोणी मोजलं नाही;
पैसे मोजले, ती वही अजून आहे.

माळ्यावर लाकडी चाकही आहे.
दोन माणसं त्यात चालायची, जागच्या जागी,
आणि दोराने विटांची पाटी वर यायची.
तिदेके नावाच्या कुणी आऱ्यावर चाकूने रेघा मारल्यात,
पाचा-पाचाच्या जुड्या.
एकदा मी हिशेब केला:
हा घाण्याचा बैल रोमपर्यंत गेला असेल
आणि निम्म्या वाटेवरून परतला असेल.
उंची त्याने पाहिली नाही. चाकात तोंड भिंतीकडे असतं.

पुढे संतांच्या चित्रांवर चुना फासला गेला.
(बरंच झालं म्हणा. चुन्याखाली रंग टिकले.)
मग एका रात्री विमानं आली.
छप्पर जळालं, ऑर्गनच्या नळ्या वितळून
फरशीच्या फटींत शिरल्या; झाडताना अजून चमकतात.
कढया तडकल्या, पडल्या नाहीत.
इंजिनिअर सांगतो: प्रत्येक वीट पडायलाच निघालेली असते,
शेजारची तिला वाट देत नाही.

उत्तरेला, सातव्या खणात,
ओली असताना कुणीतरी उचललेली एक वीट आहे.
चार बोटं, बारीक. बाईची, किंवा पोराची.
खाली प्रार्थनेला मी फारसा बसत नाही,
विब्केला ते खटकतं.
इथे मात्र त्या खळग्यांत बोटं ठेवून बघतो.
मावत नाहीत.

आज काच तडकलेली होती, केसाएवढी.
तारीख घातली, नवी पट्टी चिकटवली,
गोंद सुकेपर्यंत बसून राहिलो.
खाली नव्या ऑर्गनवर कोणीतरी
एकच सूर पुन्हा पुन्हा लावून बघत होतं,
आणि माझ्या मांडीखालची वीट थरथरत होती.