एक दात

ग्युमरी. पत्र्याच्या गॅरेजांची सातवी रांग.
निवाचं हेड परत बसलंय.
जुनं गॅस्केट खिळ्याला टांगलेलं:
दोन आणि तीनच्या मधे जळून गेलेली वाट,
वार्तुशनं बोट फिरवून पाहिली.

बोल्ट आवळले, मधून बाहेर, तीन खेपांत.
चेन चढवली.
कॅमच्या चाकावर लेकीच्या नेलपॉलिशचा लाल ठिपका
खुणेपाशी आला,
पण जरा अलीकडे.
जरा म्हणजे?
एक दात.

पुन्हा उतरवा. शिव्या आर्मेनियनमध्ये,
आटे मोजायचे रशियनमध्ये, बापाची सवय.
मग पान्यानं, हळू, इंजिनाचे दोन फेरे.
कुठे अडलं नाही.

धूर पाहून ह्रांत आजोबा आले.
दोन्ही कान त्यांचे गिरणीनं ठेवून घेतलेत.
लाइट बाजूला कर, म्हणाले खुणेनं,
आणि तळवा टेकवला मडगार्डवर.

तिनं डिस्ट्रिब्युटर केसभर फिरवला.
अजून.
अजून.
मागे घे. हं.

थरथर बसली. बर्फावरचा पत्रासुद्धा वाजायचा थांबला.
किल्लीवर तिचा हात.
पेट्रोल काय भावानं मिळतं, ठाऊक आहे तिला.
पण म्हाताऱ्यानं तळवा काढलाच नव्हता.