पंचाहत्तर डॉलर, दरमहा

आधी नुसती खाज होती. सात महिने.
साबण बदलला, चादरी बदलल्या,
मांजर शेजाऱ्यांना दिलं, ते तीन दिवसांत परत आलं.
मग मांडीवर पहिला फोड, मक्याच्या दाण्याएवढा,
रविवारपर्यंत द्राक्षाएवढा,
ताणलेला, नितळ.
ऑर्फा त्याच्याकडे बघत म्हणाली,
"एमेट, हे माझं नाही."

ओमाहाच्या त्वचारोगतज्ज्ञाने तारीख दिली
ऑक्टोबरची.
तेव्हा जून चालू होता.

गावात बुटांचं जुनं दुकान होतं,
तिथे आता डॉक्टर व्होंड्रा बसते.
खिडकीत अजून पाय मोजायची लोखंडी पट्टी आहे.
माणशी पंचाहत्तर डॉलर दरमहा,
आजारी असा, नसा.
मी म्हटलं, ही काय धान्याची सोसायटी आहे
सभासद व्हायला?
"जवळपास," ती म्हणाली,
"पण विमा सोडू नका. इस्पितळाशी माझं काही चालत नाही."

तिने कातडीचे दोन तुकडे घेतले, पेन्सिलीच्या टोकाएवढे,
दोन वेगळ्या बाटल्यांत.
एक बाटली अंधारात चमकली म्हणे:
हिरवी, सरळ रेघ,
जिथे वरची कातडी खालचीला धरून असते
नेमकी तिथे.
"शरीराचे पहारेकरी घरच्यांनाच ओळखेनासे झालेत."
मी चाळीस वर्षं रानात तारा ओढल्या आहेत.
म्हटलं, सरळ सांगा ना,
कुंपणच शेत खातंय.
तिने ते कागदावर लिहून घेतलं.

मग ऑर्फाच्या नऊ गोळ्या बशीत ओतून
एकेक उचलत राहिली: ही कधीपासून? आणि ही?
पाऊण तास.
घड्याळाकडे न बघणारा डॉक्टर
मी त्याआधी पाहिला होता तो गुरांचा.
साखरेची एक गोळी तिने बंद केली.
ओमाहाला स्वतः फोन लावला, आमच्यासमोर,
आणि स्टेरॉइड सुरू केलं. चाळीस.

चाळीसवर ऑर्फा झोपेना.
पहाटे तीनला स्वयंपाकघरात पाव भाजायची,
चेहरा पुनवेसारखा गोल,
टेबलाच्या कडेवर बोटांनी चर्चचा ऑर्गन वाजवायची, मुका.
माझ्यावर ओरडली एकदा, चमच्यावरून.
मग चमचाच उराशी धरून रडली.

एका रविवारी रात्री दंडावर नवा फोड.
फोटो पाठवला. अकरा मिनिटांत उत्तर:
"सुई उकळा. कडेला टोचा, पाणी जाऊ द्या.
छप्पर मात्र काढू नका."
मी छपरं घातली आहेत, गोठ्यांना, कोठारांना.
इतकं पातळ कधीच नाही.
हात थरथरत होता, तिचा नव्हे, माझा.

तीस. वीस. साडेबारा.
दहावर पुन्हा उसळलं, पुन्हा वीस.
बियाण्याच्या वहीत मी आता फोड मोजतो:
पाठ सहा, पोट दोन, डावी टाच एक.
शिवणी बाहेर येतील असे कपडे उलटे घालतो तिला.
मलम दोन वेळा, पाठीला माझा हात,
लग्नानंतर पहिल्यांदा इतक्या सावकाश.

फेब्रुवारीत महिनाभर काही उगवलं नाही.
मी फोन केला: या महिन्याचे पैसे फुकट गेले तुमच्याकडे.
ती म्हणाली, तसेच जावोत.
मग हाडांची तपासणी राहिली आहे, म्हणाली,
आणि तुमचं ब्लडप्रेशर, एमेट,
तुम्हीही सभासद आहात, विसरलात?

काल उजव्या तळहातात एक आला.
म्हणतात ना, तळहाताच्या फोडासारखं जपावं.
म्हणणाऱ्याने तो धुतला नसेल,
त्याच्यासाठी दाराची मूठ फडक्यात गुंडाळली नसेल,
प्रार्थनेला तो हात कुठून धरायचा
हे त्याला ठरवावं लागलं नसेल.

मी मनगट धरलं.

वही: तळहात एक. बाकी कोरं.
गोळी साडेसात.
मांजराने पाव चाटला.