पहिला ठोका रिकामा

दोंडाईच्याला, मिरचीच्या गोदामावरच्या खोलीत
झिपरू भोईने अल्बम केला.
भिंतींना अंड्यांचे ट्रे, खिडकीला गोधडी,
तरी प्रत्येक टेकमध्ये कुणाची ना कुणाची शिंक.
चौथ्या गाण्यातली माझी आहे.
म्हणाला, राहू दे, बरोबर जागेवर आलीय.

बारा वर्षं मी त्याचा मिक्सर सांभाळला.
तोवर झिपरू म्हणजे हळद आणि वरात,
साक्री ते शिंदखेडा,
ट्रकवर सोळा बेस, जनरेटरचा धूर,
आणि एकच चाल : पळ, अजून पळ.
घोडीलासुद्धा पाठ झालेली.

मग शहाद्याच्या एका पोराने
पेनड्राइव्हमध्ये एक बेट आणून दिलं.
नकाशात आम्ही ते शोधलं नाही.
तिथेही म्हणे ट्रकभर पेट्या रस्त्यात लावतात,
एक जण माइकवर बोलत सुटतो
आणि शेजारचे पोलीस बोलावतात.
झिपरू हसला :
हाई ते आपलंच गाव शे!

पण ठोका वेगळा.
पहिल्यावर काहीच नाही.
पाय खाली येतो आणि जमीन तिथे नसते.
तिसऱ्यावर एकदम सगळं.
ढोलावरचा गुलसिंग पावरा तीन रात्री चिडला :
हात उचलला की पडणारच ना,
न पाडणं कुणी शिकवलंय आपल्याला?
चौथ्या रात्री त्याने ढोल बाजूला ठेवला,
घरून पावरी आणली.
भोपळ्यातून घुमत ती
त्या रिकाम्या जागेच्या कडेकडेने चालत गेली,
आत पडली नाही.

चिमठाण्याच्या वरातीत पहिल्यांदा लावलं.
वर गेलेले रुमाल वरच राहिले.
घोडी थांबली, मागे वळून बघायला लागली.
मशीन बिघडनं का रे?
नवरदेवाचा मामा.
मी फेडर खाली ओढला, जुनं लावलं.
दोन हजार कापले त्यांनी.
परतताना ट्रकमध्ये कुणी बोललं नाही,
फक्त पेट्या एकमेकींवर आपटत होत्या,
त्याही चुकीच्या ठोक्यावर.

दुसऱ्या दिवशी मी वायरी गुंडाळत बसलो होतो,
अल्बम चालू, खिडकी उघडी.
खाली पथारीवर बाया मिरचीचे देठ खुडत होत्या.
हात मिरचीकडे जायचा तेव्हा आवाज नाही,
मग खुट्.
हात जायचा. खुट्.
आम्ही आठ महिने यांच्या डोक्यावर बसून
घामाघूम होत हेच मोजत होतो.
गाणं संपलं तशी
कमलबाई ठेलारी खालून ओरडली :
तेच लाव ना भो परत,
पाटी लवकर भराई जास!

झिपरूला सांगितलं.
तो काही बोलला नाही, खाली गेला,
येताना डोळे लाल.
मिरची, म्हणाला.

वरातीत आम्ही अजून जुनंच वाजवतो. पोट आहे.
फक्त दर वेळी पहिल्या ठोक्याला
तो माइक तोंडापासून
वीतभर लांब धरतो.