मानस

आमच्या जुव्यात मानस म्हणजे मन नव्हे.
मानस म्हणजे बांधातलं लाकडी दार,
एका अंगाला खारी नदी,
दुसऱ्या अंगाला आमची शेतं.
तेवीस वर्षं मी ती राखतोय. माझ्याआधी बाप.
त्याच्याआधी कोण, ते कुणाच्या तरी वहीत असेल.

नवखे विचारतात, भरती आली की दार कोण लावतं?
कुणीच नाही.
पाणी चढून येतं, दाराला छाती लावतं
आणि आपल्याच जोराने आपली वाट बंद करतं.
ओहोटीला आतलं पाणी ते ढकलून उघडतं.
मी फक्त जाळं लावतो.
उरलेला वेळ चिखल मळतो,
कुर्ल्यांनी बांधाला पाडलेली भोकं बुजवतो.
बोटाएवढ्या भोकातून
अख्खं शेत खारं होतं.

मंगळवारी बांबोळीच्या इस्पितळात
नर्सने माझ्यापुढे कागद ठेवला.
आपोलोन आत, हिरव्या झग्यात.
कानांतल्या कुड्या काढून तिने माझ्या मुठीत दिलेल्या.
"नवरा ना तुम्ही? इथे सही करा. वाचून."
वाचलं.
भूल. रक्तस्राव. क्वचित प्रसंगी.
टाइप केलेलं 'क्वचित प्रसंगी'
किती सभ्य दिसतं.

रोज रात्री तेर्सात,
गुडघे दुखतात म्हणून घाईघाईने,
आमच्या बापाची प्रार्थना म्हणत आलो,
आणि त्यातली ती तुझ्या इच्छेची ओळ
डास मारता मारता.
म्हणजे देवा, चाळीस वर्षं
न वाचताच सही करत होतो की मी.

पेन हातात घेऊन आधी मी काय केलं
ते तुला ठाऊक आहे.
बोली लावली.
मानशीचा लिलाव होतो ना दर वर्षी, तशी.
एक मेणबत्ती, माणसाच्या उंचीची.
फेणी बंद, ईस्टरपर्यंत.
बरं, कायमची.
आणि सांतानला बोट विकून दिलेले पैसे,
तेही सोडले, जा.
वरचा आकडा कुणी बोलेना.
मग कळलं,
तू लिलावाला आलाच नव्हतास.

"काका, आत तयारी झालीये," नर्स म्हणाली.
मूठ इतकी आवळलेली
की कुडीची तार तळव्यात रुतली होती.
सही केली. इनास कायतान फुर्ताद.
अक्षर लग्नाच्या वहीतल्यासारखंच वेडंवाकडं.
तेव्हाही हात थरथरला होता,
आणि तेव्हाही पुढचं पान
कुणी वाचून दाखवलं नव्हतं.

स्ट्रेचर आत गेलं.
ती दारं दोन्ही बाजूंनी ढकलता येतात.
थोडा वेळ हलत राहिली, मग नाही.

साडेसातला मेनिनचा फोन. पोरगं एकटंच मानशीवर.
"मामा, उधाण आहे. पाणी काठाला आलंय. काय करू?"
मी म्हटलं, "बॅटरी घे, बांधावरून फिर,
भोक दिसलं तर चिखल भर.
दाराचं तो बघेल."
"तो कोण?"
मी काही बोलायच्या आत आवाज तुटला.
मानशीवर रेंज नसते.

मग मी उठलो.
तिची साडी घडी घालून पिशवीत ठेवली,
चिमट्यात अडकलेले केस सोडवले,
नळावर बाटली भरून आणली.
शेजारच्या बाकावर पेडण्याची एक म्हातारी
नुसत्या चहावर बसलेली, तिला पाव दिला.
दुसरं काही बुजवण्यासारखं
माझ्या हातापाशी नव्हतं.

खुर्ची प्लास्टिकची. गुडघे टेकायला जागा नाही.
बसल्या बसल्याच तेर्स सुरू केला,
मण्यांऐवजी कुड्या बोटांत धरून.
त्या ओळीपाशी आलो.
थांबलो.
वाचली.
मग म्हटली.