उजवं-डावं

टोलेडोचा प्रदर्शन-हॉल, टेबल क्रमांक एकोणचाळीस.
वर जांभळा दिवा, हाताशी भिंग, पुढ्यात रांग.
बावीस वर्षं मी सह्यांना गुण देते आहे.
शाई किती उडाली, वळण किती मोकळं,
रेघ कुठे अडखळली, पेन कुठे उचललं,
एक ते दहा.
साताच्या खाली गेलं की माणसं
दवाखान्यातून निघाल्यासारखी निघतात.

शेजारचा डेल ओस्टरहाउट, सह्या विकणारा, म्हणतो,
नॉरीन, तुझ्या त्या प्लास्टिकच्या डबीत गेली
की तीच सही तिप्पट दराने जाते.
हात तोच, शाई तीच, चेंडू तोच.
मग वाढलं काय?
मी विचारलं नाही कधी.
माझा पगार त्या वाढलेल्यातूनच होतो.

शनिवारी, बर्फ थांबल्यावर, लेस्टर वोइचिक आला.
कानटोपीतून पाणी ठिबकतंय,
कोटाच्या दोन्ही खिशांत एकेक मोजा,
मोज्यात एकेक बेसबॉल.
दोन्हींवर नाव एकच: ऑर्विल टेस्का.
अठ्ठावन्नच्या उन्हाळ्यात या गावात
तो काय चेंडू टाकायचा, हे पाहिलेले
अख्ख्या हॉलमध्ये तिघं-चौघं असतील.

पहिला मी दिव्याखाली धरला.
निळी शाई, एका दमात ओढलेली,
‘टी’चं छप्पर पार शेवटच्या अक्षरापर्यंत ताणलेलं.
माझ्याकडच्या चाळीस नमुन्यांशी तंतोतंत.
नऊ.

दुसऱ्यावर सुरवंट चालून गेलेला.
अक्षरं एकमेकांच्या अंगावर कोसळलेली,
शेवटचा ‘ए’ नाहीच,
आणि शिवणीपाशी कुणाच्या तरी अंगठ्याचा डाग.
मी मान हलवली.
हा त्याचा हात नाही. प्रमाणपत्र मिळणार नाही.

म्हातारा चिडला नाही.
मोजा पिळत म्हणाला,
“नऊ ना? शाळेत मी चाराच्या वर गेलो नाही कधी.”

टेस्काला म्हणे सह्यांचा कंटाळा.
सामना संपला की तो अंघोळीला,
आणि बूट-टॉवेल सांभाळणारा तेरा वर्षांचा पोऱ्या
बाकावर बसून डझनावारी चेंडू
त्याच्या नावाने भरायचा.
“डझनाला पंचवीस सेंट, वर एक सोडा.
तुमचे ते चाळीस नमुने कुठून आले, बाई?”

हातच्या कांकणाला आरसा लागत नाही.
माझ्याकडे चाळीस आरसे,
आणि कांकण भलत्याच हातात.

“आणि हा?”
“हा नंतरचा. झटका आला, त्याचा उजवा हात गेला.
हॉस्पिटलात म्हणाला, पोऱ्या,
तू माझ्यासाठी एवढं लिहिलंस,
एक मी तुझ्यासाठी लिहितो.
डाव्या हाताने. बारा मिनिटं लागली.
घरंगळू नये म्हणून चेंडू मी धरला होता.”

उजवं-डावं करणं हा माझा धंदा,
आणि डावं तेवढं मला दिसलं नाही.

नियम पाठ आहेत मला.
माणसाचा शब्द म्हणजे शाई नव्हे.
तो खोटंही बोलत असेल.
असे पुष्कळ येतात, चेंडूबरोबर गोष्ट आणतात,
आणि गोष्टीला गुण द्यायचा रकाना फॉर्मात नाही.
मी म्हटलं, आता पहिल्याचेही नऊ काढून घ्यावे लागतील.
तुम्हीच कबूल केलंत.

“घ्या की. फक्त कागदावर लिहून द्या,
कुणाचं अक्षर ते.”

डेल तिकडून डोळे वटारत होता.
मी लिहिलं:
टेस्का नव्हे. लेस्टर वोइचिक, वय तेरा.
क्षणभर थांबून, खाली: नऊ.
हे कागद कुठेही चालणार नाहीत.
बाजारात तो चेंडू आता फक्त चेंडू.

दोन्हींची फी त्याने मोजून दिली, ऐंशी डॉलर,
पावती घडी करून टोपीत ठेवली.
मग दुसरा चेंडू उचलला,
अंगठा नेमका त्या डागावर,
न बघता.

रांगेतला पुढचा खाकरला.
मी चाळीस नमुने पडद्यावर उघडले होते,
एकामागून एक मोठे करत होते,
आणि डेल सकाळीच विकलेल्या टेस्काचे पैसे
दुसऱ्यांदा मोजत होता.